पान एकशे सत्तेचाळीस

१

शुक्रवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी खिडकीताईंनी फोनची वही उघडली, आणि पान एकशे सेहेचाळीसनंतर एकदम एकशे एकोणपन्नास आलं.

आधी त्यांना वाटलं, पानं चिकटली असतील. वॉर्डातल्या वह्यांवर औषधापासून चहापर्यंत सगळं सांडतं. त्यांनी हलकेच फुंकर मारून पाहिली. काही चिकटलेलं नव्हतं. मधलं पान जागेवर नव्हतंच. शिवणीला लागून कागदाची नखाएवढी पट्टी तेवढी उरली होती, आणि तिचा काठ फुगून वाकडातिकडा वाळला होता.

सोमवारचं पान. नेमकं तेच.

खिडकीताई म्हणजे पुरुषांच्या सर्जरी वॉर्डाच्या कारकून. बारा वर्षं एकाच खुर्चीत. फायली लावायच्या, रिपोर्ट मागवायचे, कोण कुठल्या खाटेवर ते फळ्यावर लिहायचं, आणि दिवसाला साठ-सत्तर फोन उचलून निरोप वहीत उतरवायचे. डॉक्टर रोग्याला बरं करतात, सिस्टर सांभाळतात, पण तो रोगी आहे कुठे हे फक्त खिडकीताईंना माहीत असतं, असं वॉर्डात म्हणायचे. हे कौतुक होतं की टोमणा, ते बारा वर्षांत काही कळलं नव्हतं.

त्यांचं राज्य तरी केवढं? तीन बाजूंना लाकूड, मागे भिंत, समोर काच आणि काचेला तोंडाएवढं अर्धगोल भोक. आत-बाहेर करायला एक उचलायची फळी. पाय लांब केले की गुडघा खालच्या खणाला लागायचा. त्या खणात त्यांची शाल, जादा चष्मा आणि मावशींची वही असायची. मावशी वॉर्डातली साफसफाई बघायच्या. साठीला टेकल्या होत्या आणि गेल्या वर्षापासून जेवणाच्या सुट्टीत फळीआड बसून अक्षरं गिरवत होत्या. सुनेला कळलं तर घरभर हसं होईल, म्हणून ही गोष्ट दोघींतच होती. जोडाक्षरं आली की मावशी अजून अडखळत.

साडेआठला अधीक्षक आले. ते सहसा वॉर्डात येत नसत, माणसांना वर बोलावून घेत. आज स्वतः आले, तेव्हा खिडकीताईंनी वही मिटून पुढ्यात ठेवली.

"बाई, फोनची वही. सोमवारचं पान."

"साहेब, ते पान नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"काल दुपारी तीनला मी घरी गेले तेव्हा होतं. आज सकाळी नाही."

अधीक्षकांनी वही काचेच्या भोकातून ओढून घेतली आणि पट्टी पाहिली. मग त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. खाट नऊचे गुरुजी, निवृत्त शिक्षक. सोमवारी दाखल झाले, गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. टेबलावर रक्त थांबेना. सहा बाटल्या रक्त द्यावं लागलं. आता अतिदक्षता विभागात होते, जिवाचा धोका टळला होता, पण थोडक्यात. रक्त पातळ करायची गोळी शस्त्रक्रियेआधी पाच दिवस बंद हवी. गुरुजींची गोळी जेमतेम एक दिवस बंद होती.

"गोळी कधी बंद करायची हा निरोप हृदयाच्या डॉक्टरांनी सोमवारी फोनवर दिला. तो तुम्ही लिहून घेतलात. काय लिहिलं होतं?"

खिडकीताईंनी आठवून पाहिलं. फोन आल्याचं आठवत होतं, खाट नऊ आठवत होतं, गोळीही आठवत होती. शब्द आठवत नव्हते. लिहून ठेवलं की डोक्यातून काढून टाकायचं, या एका सवयीवर त्यांनी बारा वर्षं काढली होती. आज डोकं रिकामं होतं आणि वहीही.

"साहेब, मला आठवत नाही."

अधीक्षकांनी वही परत सरकवली आणि कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. "संध्याकाळी पाच वाजता चौकशी आहे. पान समोर आलं नाही, तर ते तुम्हीच काढलं असं धरून चालावं लागेल. मग सोमवारी या खिडकीत दुसरं कोणी बसेल. तोवर जागा सोडायची नाही. फोन उचलायला कोणी नाही, आणि वॉर्डात फिरून तुम्ही कोणाशी काही ठरवलेलं मला नको आहे."

फळी त्यांनी स्वतःच्या हाताने खाली टाकली.

२

अधीक्षकांनी सकाळीच एक कागद फिरवला. "फोनच्या वहीचे पान मी काढलेले नाही." खाली वॉर्डातल्या प्रत्येकाची सही. खिडकीताईंनी पहिली केली. मावशींनी शाईच्या डबीत अंगठा बुडवून उठवला. कागद नेणारा शिपाई म्हणाला, "मावशींचा कशाला घ्यायचा? त्यांना काय, वही उलटी धरली तरी सारखीच." मावशींनी पदराला अंगठा पुसला. खिडकीताईंना वाईट वाटलं.

नऊला मावशी चहा घेऊन आल्या. भोकातून पेला सरकवता सरकवता कुजबुजल्या.

"घाबरू नका ताई. विचारलं तर सांगा बुधवार लिहिलं होतं म्हणून. पान नाही, तर खोटं कोण पाडणार?"

"खोटं कशाला बोलू मावशी? मला आठवतच नाही."

"मग आठवू पण नका," मावशी म्हणाल्या आणि बादली उचलून गेल्या.

बिचाऱ्यांचा जीव तुटतोय, असं मनाशी म्हणून खिडकीताईंनी चहा घेतला. त्यात नेहमीपेक्षा दुप्पट साखर होती.

समोरच्या बाकावर गुरुजींची मुलगी बसली होती. पन्नाशीची, शांत, मांडीवर वडिलांच्या चष्म्याचं घर. अतिदक्षता विभागात तासाला पाच मिनिटं सोडत, उरलेली पंचावन्न मिनिटं ती इथे बसून खिडकीकडे बघायची. बारा वर्षांत खिडकीताईंनी काचेतून किती माणसं पाहिली असतील. काचेतून आपणही दिसतो, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

साडेदहाला ती उठून भोकाशी आली.

"ताई, मला भांडायचं नाहीये. कोणाची चूक झाली, तेवढंच सांगा."

"मला ठाऊक नाही हो."

"तुम्हाला सगळं ठाऊक असतं, असं सकाळी सगळे म्हणत होते."

फोन वाजला म्हणून खिडकीताई सुटल्या, एवढंच.

मग मात्र त्यांनी चष्मा पुसला. पाच वाजायला साडेसहा तास होते. जागा सोडायची नाही असा हुकूम होता, पण वॉर्डात असा माणूस नाही ज्याला दिवसातून चारदा खिडकीशी यावं लागत नाही. आपण जायचं नाही, येणाऱ्याला विचारायचं. कोंडून घातलेल्या माणसाने दुसरं करायचं तरी काय?

३

पहिली आली नवी सिस्टर. कामाला लागून चारच महिने झालेली. सकाळी सातपासून तिला मेट्रनच्या खोलीत बसवून ठेवलं होतं आणि आता गुरुजींचा औषधांचा तक्ता न्यायला पाठवलं होतं. रडून रडून नाक लाल झालं होतं.

"ताई, तुम्ही तरी सांगा ना त्यांना. सोमवार आणि मंगळवार गोळी मी दिली, माझी सही आहे. बुधवारी बंद केली. वहीत तसंच होतं."

"तू स्वतः वाचलंस?"

"दोनदा वाचलं. गोळी बुधवारपासून बंद, हेच होतं."

"बुधवार हा शब्द होता?"

सिस्टर थबकली. "अर्थ तोच होता. शब्द... शब्द नाही सांगता यायचा. पण ताई, शपथेवर सांगते."

"मग पान गेलं ते तुला बरंच झालं की वाईट?"

"वाईट. पान असतं तर मी सुटले असते."

तिच्या खिशातून नेहमीची कात्री डोकावत होती, फितीला बांधलेली. खिडकीताईंनी ती पाहिली आणि वहीतली फुगलेली पट्टी आठवली. हिला पान काढायचं असतं तर एका सेकंदात सरळ कापलं असतं.

सिस्टर जाता जाता परत वळली. आवाज अगदी खाली आणला. "ताई, एक सांगू? फोनवरचा औषधाचा निरोप सिस्टरनेच घ्यायचा, असा नियम आहे. त्या दिवशी तुम्ही मला हाक मारली होती. मीच म्हणाले, लिहून घ्या हो, माझे हात अडकलेत. हे मी मेट्रनना सांगितलं नाही."

"मीपण नाही सांगितलं," खिडकीताई म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही काही हलकं वाटलं नाही.

४

एक वाजता छोटे डॉक्टर आले. मोठ्या सर्जनच्या हाताखालचे म्हणून छोटे, नाहीतर उंचीने सहा फूट. भोकाशी बोलायला त्यांना कमरेत वाकावं लागे.

"ताई, मी रात्रभर झोपलो नाहीये, तेव्हा फिरवून फिरवून विचारू नका. वहीत होतं की गोळी शनिवारी बंद केलेली आहे. गुरुजी सोमवारी दाखल झाले. म्हणजे घरी असतानाच हृदयाच्या डॉक्टरांनी बंद केली, असं मी धरलं. शनिवार ते गुरुवार पाच दिवस भरले. फॉर्मवर खूण केली आणि शस्त्रक्रिया गुरुवारी लावून टाकली."

"औषधांचा तक्ता पाहिला नाहीत?"

"उलटून पाहिला नाही. तेवढं माझं चुकलं, ते मी पाच वाजता सांगणार आहे. पण वहीत शनिवार होता. सिस्टर खोटं बोलतेय."

"शनिवार हा शब्द होता?"

"आता वकिलासारखं काय विचारताय? अर्थ स्पष्ट होता."

"आणि पान असतं तर?"

"तर निम्मा तरी सुटलो असतो. ज्याने काढलं त्याने माझा गळा कापलाय."

ते गेल्यावर खिडकीताई डोकं धरून बसल्या. एक म्हणते बुधवार, एक म्हणतो शनिवार. दोघंही ठामपणे सांगतात, शब्द मात्र एकालाही आठवत नाही. कोणीतरी एक थापा मारतंय, असं कोणीही म्हणेल. पण थापा मारणाऱ्याला पान नाहीसं झालं की आनंद व्हायला हवा. इथे दोघंही पानासाठी रडत होती.

मग पान नकोसं कोणाला होतं?

त्यांनी एकेकाला मनात उभं केलं. सिस्टरला हवं होतं, छोट्या डॉक्टरांना हवं होतं, अधीक्षकांना तर हवंच होतं. हृदयाचे डॉक्टर मंगळवारपासून परदेशी परिषदेला गेलेले. पान नाहीसं होण्यात ज्याचं भलं असू शकेल असं एकच माणूस वॉर्डात उरत होतं, आणि ते या खुर्चीत बसलं होतं.

पाच वाजता हाच हिशेब अधीक्षकही मांडणार होते, आणि उत्तरही हेच येणार होतं. काचेत खिडकीताईंचाच चेहरा दिसत होता, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्यांचा स्वतःवरचाही विश्वास उडाला.

५

सव्वातीनला फोन वाजला. पलीकडे विमानतळाचा गोंगाट.

"मी हृदयाचा डॉक्टर बोलतोय. सकाळपासून अधीक्षकांचे सतरा निरोप आलेत, आणि त्यांचा फोन लागत नाही. काय चाललंय?"

खिडकीताईंनी दोन वाक्यांत सांगितलं.

"अहो, पण मी किती सोपं सांगितलं होतं तुम्हाला. माझे शब्द मला पाठ आहेत, मी नेहमी असंच सांगतो. नऊ नंबरची रक्त पातळ करायची गोळी परवा बंद. यात न समजण्यासारखं काय आहे?"

खिडकीताईंच्या हातातला रिसीव्हर तसाच राहिला. ते शब्द कानात पडले आणि आपलंच अक्षर डोळ्यांपुढे आलं, निळ्या शाईतलं, थोडं उजवीकडे झुकलेलं. "खाट ९. रक्त पातळ करायची गोळी परवा बंद." ऐकलं तसं उतरवलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"डॉक्टर," त्यांनी विचारलं, "कुठला परवा? मागचा की पुढचा?"

"म्हणजे?"

"सोमवारी तुम्ही बोललात. परवा म्हणजे झालेला शनिवार, की येणारा बुधवार?"

"बुधवार," ते शेवटी म्हणाले. "बुधवारपासून बंद करा, आणि शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात. उघड आहे." मग जरा थांबून, "निदान मला तरी उघड होतं. पण बाई, शंका होती तर तेव्हाच विचारायचं ना."

शंका कुठे होती? शंका नव्हती, हीच तर गोष्ट. सिस्टरने वाचलं आणि तिला पुढचा परवा दिसला. छोट्या डॉक्टरांनी वाचलं आणि त्यांना मागचा दिसला. दोघंही खरंच बोलत होती. जन्मभर वापरलेला शब्द, कोणाला त्यात दोन दिवस दिसलेच नाहीत.

कोणालाच नाहीत?

आणि मग मागच्या उन्हाळ्यातली एक दुपार खिडकीताईंना आठवली. फळीआड जमिनीवर बसलेल्या मावशी, पुढ्यात जुनी फोनची वही, बोट एका शब्दावर. प, र, वा. "ताई, हा परवा मागला का पुढला? लिहिलेलं कुठे कळतंय?" खिडकीताई हसल्या होत्या. "अहो, वाचणाऱ्याला कळतं बरोबर." मावशी म्हणाल्या होत्या, "मला नाही कळलं." ज्याला सहज वाचता येतं तो शब्दावरून घसरत पुढे जातो. मावशी प्रत्येक शब्दाशी थांबत.

सकाळचा चहा आठवला. "सांगा बुधवार लिहिलं होतं." सकाळी नऊला सिस्टर मेट्रनच्या खोलीत होती, छोटे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. बुधवार की शनिवार हा वाद तेव्हा वॉर्डात कोणाला माहीतच नव्हता. मग मावशींना बुधवार कुठून कळला?

त्यांनी वही जवळ ओढली आणि उरलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. कागद ओला करून फाडला की असाच फुगतो. हत्यारं गुंडाळायच्या जाड कागदाच्या पट्ट्या मावशी कात्रीशिवाय काढायच्या: नखाने घडी घालायची, ओलं बोट फिरवायचं, ओढायचं.

खिडकीताईंनी फोन खाली ठेवला. गुडघा खालच्या खणाला टेकलेला होता.

सफाईवाल्यांच्या पिशव्या फाटकावर रोज उलट्या करून बघतात. घरी न्यायची सोय नव्हती. त्यांनी खण उघडला, मावशींची वही काढली आणि तिच्या खाकी कव्हरमध्ये दोन बोटं घातली.

६

"मावशी, आत या. फळी टाका."

मावशींनी टेबलावरचं पान पाहिलं आणि जिथे अक्षरं गिरवायच्या त्याच जागी खाली बसल्या.

"काल संध्याकाळी मोठे सर्जन ओरडत होते, नऊ नंबरच्या गोळीचं पान उद्या दाखवा म्हणून. सकाळी पुसायला आले, तुम्ही यायच्या आधी. म्हटलं बघू तरी. वाचलं. तो परवा दिसला आणि माझं काळीज हललं. म्हटलं, हे सगळं खापर ताईंवर फुटणार."

"आणि पान नाही म्हणून फुटणार नाही होय?"

"तेवढं नाही सुचलं." मावशी पदराशी चाळा करत राहिल्या. "भट्टीत टाकायला नेलं होतं. तिथवर गेले. पण तुमचं अक्षर आहे ना, यावरूनच मी गिरवलं. हात होईना."

खिडकीताईंना राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. दहा बाय पाच फुटांच्या त्या चौकटीत दोघी बसल्या होत्या, आणि बाहेर पडायला एकही वाट धड नव्हती. पान दिलं नाही तर आपण चोर. पान दिलं तर निष्काळजी, आणि वर मावशी चोर. वॉर्डातलं कागदपत्र फाडलं म्हणून त्यांना आजच्या आज घरी बसवतील. पान दिलं नाही तर सिस्टर आणि छोटे डॉक्टर जन्मभर एकमेकांना खोटारडे म्हणणार. आणि समोर बाकावर ती बाई चष्म्याचं घर धरून बसलेलीच.

"जाळू का आता?" मावशींनी विचारलं.

"नको."

"मग मी सांगते साहेबांना."

"तुम्ही काही सांगायचं नाही. तुम्ही अंगठा दिलाय, तुम्हाला कोणी विचारणार नाही."

मावशींनी मान खाली घातली. मग आपली वही उचलली, पदराखाली धरली आणि निघून गेल्या.

७

चौकशी डॉक्टरांच्या खोलीत होती. अधीक्षक, मोठे सर्जन, मेट्रन एका बाजूला. सिस्टर आणि छोटे डॉक्टर दुसऱ्या बाजूला, मध्ये एक रिकामी खुर्ची सोडून.

"पान सापडलं," खिडकीताईंनी सांगितलं आणि घडी उलगडली. "वाचायच्या आधी एक विनंती आहे, साहेब. मोठे सर्जन आणि मेट्रन, दोघांनी मनात वाचा आणि गोळी कुठल्या वारी बंद, ते एकदम सांगा."

अधीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पान पुढे सरकलं. सोमवारची तारीख, खाट नऊ, सहा शब्द.

"शनिवार," सर्जन म्हणाले.

"बुधवार," मेट्रन म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर्जननी पान परत ओढून घेतलं. छोटे डॉक्टर उठून त्यांच्या खांद्यावरून वाकले, आणि त्यांच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरला. रिकाम्या खुर्चीपलीकडे त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "तू खरं बोलत होतीस," ते म्हणाले. सिस्टरने मान हलवली. "तुम्हीपण."

"हृदयाच्या डॉक्टरांचा फोन आला होता," खिडकीताई म्हणाल्या. "त्यांना बुधवार म्हणायचं होतं. वार विचारायला हवा होता तो मी विचारला नाही. जसं ऐकलं तसं लिहिलं. चूक माझी आहे."

"निरोप घ्यायला मला बोलावलं होतं," सिस्टर मध्येच म्हणाली. "मी गेले नाही. तेही लिहा."

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ते सगळं लिहीन. पण पान कुठे होतं?"

"माझ्या खणात."

"तिथे कसं गेलं?"

"माझ्या खणात होतं, साहेब. एवढंच सांगते."

"म्हणजे लपवलंत." त्यांनी पेन उचललं. "बाई, चुकीची नोंद मी समजू शकतो. नोंद लपवणं नाही समजू शकत. ज्याने लपवलं त्याला या इमारतीत जागा नाही."

त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि दार ढकलून मावशी आत आल्या. हातात वहीतून फाडलेला एक कागद. या वेळी काठ सरळ होता, कुठूनतरी कात्री मागून आणली असावी. कागद अधीक्षकांपुढे ठेवून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

मोठ्ठी, एकेक वेगळी बसवलेली अक्षरं होती. "पान मी काढल. ताईनी नाही. आज शुक्रवार सकाळी साडेसात वाजता." खाली पूर्ण नाव, आडनावासकट. आडनावात जोडाक्षर होतं, ते दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट काढलं होतं.

"हे कोणी लिहून दिलं?" अधीक्षकांनी विचारलं.

"मीच लिहिलं."

"तुम्हाला लिहिता येतं? मग सकाळी अंगठा का दिलात?"

"सकाळी खोटं बोलायचं होतं ना, साहेब," मावशी म्हणाल्या. "अंगठ्याने बोलले. सही करून नाही बोलता आलं."

अधीक्षक त्या कागदाकडे बघत राहिले. मग सकाळचा सह्यांचा कागद त्यांनी फायलीतून काढला, त्यावरचा निळा अंगठा पाहिला आणि कागद चार ठिकाणी फाडून टोपलीत टाकला.

"हा कागद नव्याने करावा लागेल. सगळ्यांच्या सह्यांनी." त्यांनी खिशातून कपाटाच्या किल्ल्या काढून खिडकीताईंपुढे ठेवल्या. "बाई, तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. छोट्या डॉक्टरांना आणि सिस्टरलाही. जागा तुमची तुमच्याकडे राहील. उद्यापासून निरोपात वार आणि तारीख लिहायची, आणि हे सगळ्या वॉर्डांना तुम्हीच कळवायचं."

"आणि मावशी?"

"त्यांना ठेवायचंच आहे. शिक्षा काय ते परवा ठरवू."

मेट्रननी वर पाहिलं. सर्जननी वर पाहिलं. अधीक्षकांनी डोळे मिटले.

"सोमवारी," ते म्हणाले. "सोमवारी, सकाळी दहा वाजता."

खिडकीताईंनी सवयीने ते तळहातावर लिहून घेतलं.

बाहेर आल्या तेव्हा खिडकीत फोन वाजत होता. फळी उचलून आत जायचं, बसायचं, उचलायचा, बारा वर्षं पाय आपोआप तिकडेच वळत आले होते. किल्ल्या मुठीत होत्या आणि खुर्ची आत तशीच होती. त्यांनी फळीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"मावशी, तेवढा फोन घ्या," त्या म्हणाल्या. "निरोप लिहून ठेवा."

मग त्या बाकापाशी गेल्या आणि गुरुजींच्या मुलीशेजारी बसल्या. मधे काच नव्हती. इतक्या जवळून तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती.

"सकाळी तुम्ही विचारलं होतं," खिडकीताई म्हणाल्या, "कोणाची चूक झाली म्हणून. दोघातिघांची झाली, तेही सांगते. पण पहिली माझी. एक शब्द मी न विचारता लिहिला."

तिने चष्म्याचं घर बाकावर ठेवलं आणि त्यांच्याकडे वळली.

"सांगा," ती म्हणाली.

मागे खिडकीतून मावशींचा आवाज येत होता, एकेक अक्षर सुटं करत. "परवा नको, साहेब. वार सांगा. थांबा, मी लिहून घेतेय."